राजीखुशीने लिहून दिले

लोखंडी आसाच्या दोन गाड्या, त्यांचा सगळा सरंजाम आणि चार बैल. दख्खनमधल्या एका शेतकऱ्याने देण्यापोटी एवढे सगळे सावकाराला विकले. विकले ते कागदावर. गाड्या अंगणातून हलल्या नाहीत, बैल दावणीवरून सुटले नाहीत. कारण त्याच कागदाच्या पुढच्या ओळींत त्याने त्याच दोन गाड्या आणि तेच चार बैल सावकाराकडून भाड्याने घेतले. भाडे दरमहा चार रुपये. ते भरायचे, सावकाराच्या हातची पावती घ्यायची, आणि पावती नसेल तर भाडे दिले होते असे म्हणायचे नाही. हेही त्यानेच कबूल केले.

1875 मध्ये सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांची चौकशी करायला नेमलेल्या कमिशनने हा कागद जपून ठेवला, म्हणून तो आपल्याला वाचता येतो. कायदा शिकलेल्या माणसाला त्यात एक सोडून तीन करार दिसतील. पहिला विक्रीचा, त्यातला मोबदला म्हणजे जुने देणे. कायद्याच्या पुस्तकात याला प्रतिफल म्हणतात. काही दिल्या-घेतल्याशिवाय नुसत्या शब्दाला कोर्ट सहसा बांधत नाही. दुसरा निक्षेपाचा, म्हणजे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घ्यायची, वापरायची आणि ठरल्याप्रमाणे परत करायची. तिसरा सगळ्यात वाकडा. भांडण झालेच तर घडले काय हे पाहायचे नाही, सावकाराच्या लेखणीतून काय उतरले तेवढेच पाहायचे, असा तो करार.

मराठी खतांचा एक ठरलेला साचा आहे. आधी ‘लिहून घेणार’, मग ‘लिहून देणार’, आणि शेवटी कुठेतरी ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे’. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरचा टायपिस्ट आजही ही ओळ न विचारता ठोकून देतो. गंमत अशी की करार कायद्याचा अर्धा गाभा या दोन शब्दांत आहे. राजीखुशी म्हणजे मोकळी संमती, अक्कलहुशारी म्हणजे करार करण्याची पात्रता: माणूस सज्ञान हवा, शुद्धीवर हवा. फक्त ही ओळ लिहिणारा आणि लिहून देणारा एकच असेल असे नाही. लिहिणारा बहुधा सावकाराचा कारकून असे. देणारा खाली नांगर काढी. मराठी कागदांत कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी, ही चाल फार जुनी. आपण कशाखाली नांगर काढला, हे त्याला कुणी वाचून दाखवले तरच कळायचे.

तर ही गोष्ट त्या ओळीची आहे. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या लोकांनी ती एकदा जाळून पाहिली.

पेशवाईत सावकार नव्हते असे कुणी म्हणणार नाही. खुद्द पेशवेच त्यांचे कायमचे देणेकरी. कागदही होते: रोखा, कतबा, गहाणखत, हाजिरजामीन, मालजामीन. पण वसुलीला सरकारचे बळ थोडे. सावकार तगादा लावी, दारात धरणे धरी, फार झाले तर पंचायतीत जाई. पंचायतीला देणेकरी कुळाची जमीन, बैल, यंदाचा पाऊस सगळे ठाऊक असायचे. शिवाय दामदुप्पटीचा नियम होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचे नाही. शंभर दिले तर दोनशेपुढे मागता येत नाही. सावकार मोठ्या मनाचा होता म्हणून हे चालले, असे कृपा करून समजू नये. कूळ बुडाले तर आपणही बुडालो, हे त्याला कळत होते.

इंग्रजांनी या व्यवस्थेखालची एकेक वीट काढली, आणि प्रत्येक वेळी हेतू चांगलाच होता. 1855 मध्ये व्याजावरची बंधने उठली. किती व्याज घ्यायचे ते दोघांनी ठरवावे. मुंबई इलाख्यात कोर्टांनी हिंदू कुळांपुरती दामदुप्पट टिकवली, पण तिला वळसा घालायचा रस्ता कसा सापडला ते पुढे येईलच. 1859 मध्ये दिवाणी कामकाजाची संहिता आली. कागद दाखवा, हुकूमनामा घ्या, बजावणी करा, जप्ती आणा. कूळ कोर्टात यायचेच नाही, निकाल एकतर्फी व्हायचा. तारखेला तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, वकील परवडत नाही, आणि जाऊन बोलायचे तरी काय? कागदावर नांगर आहे ना?

त्याच वर्षी मुदतीचा कायदाही आला. नोंदणी नसलेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर कागद निकामी. वर्षानुवर्षे व्याज साचू नये म्हणून ही तजवीज. सावकाराने काय करावे? तीन वर्षे भरत आली की कुळाला बोलवायचे आणि मुद्दल अधिक व्याज मिळून नवे मुद्दल धरून नवा रोखा लिहून घ्यायचा. दामदुप्पटीचा वळसा तो हाच: नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दलाचे कपडे घालून बसते.

हिशेब करून पाहू. शंभर रुपये, दरमहा शेकडा 3 रुपये 2 आणे. हा दर मी बनवलेला नाही, त्या काळच्या तक्रारींत येतो. तीन वर्षांनी व्याज 112 रुपये 8 आणे. नवा रोखा 212 रुपये 8 आण्यांचा. आणखी तीन वर्षांनी साडेचारशेचा. नवव्या वर्षी साडेनऊशेच्या पुढे. बारा वर्षे भरली की 2,039 रुपये. घरात आले शंभर. मधल्या काळात कुळाने धान्य घातले, कापूस घातला. पण पावती नाही, म्हणजे घातले नाही.

जुन्या कराराच्या जागी दोघांनी मिळून नवा करार केला की जुना संपतो, असे कायदा सांगतो. गावात मात्र जुना रोखा कित्येकदा सावकाराच्या पेटीतच राही. फाडून टाक असे त्याला सांगायचे कुणी?

एवढे कर्ज झाले कसे, याचे उत्तर अर्धे अमेरिकेत आहे. 1861 मध्ये तिथे यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईच्या निर्यातदारांनी शहरी सावकारांना पैसा पुरवला, त्यांनी गावच्या सावकारांना, त्यांनी कुणब्याला. त्या चार वर्षांत शेतकऱ्याला मागेल तेवढे कर्ज मिळत होते, आणि ज्याला कर्ज मिळते तो घेतो. 1865 मध्ये लढाई थांबली, भाव कोसळला, पैसा जसा आला तसाच माघारी गेला. त्यातच तीस वर्षांपूर्वीच्या जमीनधाऱ्याची मुदत संपली. 1866-67 पासून इंदापूर, भीमथडी वगैरे तालुक्यांत नवा सारा लागला. कितीतरी गावांत दीडपट, कुठे त्याहून जास्त. सारा रोख भरायचा. रोख कुणाकडे? सावकाराकडे.

मुंबईतही त्याच सुमारास करार फुटत होते. 1 जुलै 1865 ही वायद्यांच्या फेडीची तारीख; बॅक बे कंपनीचे भाग चढ्या भावाने घ्यायचे करार करून बसलेले बडे व्यापारी त्या दिवशी बुडाले. सट्ट्याचे करार कोर्टात चालू नयेत म्हणून इलाख्याने त्याच वर्षी खास कायदा केला, आणि बुडालेल्यांसाठी दिवाळखोरीची सोयही झाली. शहरातल्या देणेकऱ्यासाठी कायदेमंडळ महिन्यांत हलले. इंदापूरच्या देणेकऱ्याला चौदा वर्षे थांबावे लागले, तेही दंगा करून.

आता 1872. कराराचा कायदा आधी लंडनमध्ये लिहिला गेला. तिथल्या कायदे कमिशनने 1866 मध्ये मसुदा पाठवला. कलकत्त्यात तेव्हा कायदामंत्री होता हेन्री मेन. समाज जन्माने मिळालेल्या दर्जाकडून कराराकडे सरकतो, हा सिद्धांत मांडणारा तो मेन. मसुद्यावरून लंडन आणि कलकत्ता यांच्यात एवढी खडाखडी झाली की 1870 मध्ये कमिशनने राजीनामाच दिला. काम तडीस नेले मेनच्या जागी आलेल्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने. पुराव्याचा कायदाही त्याचाच. दोन्ही कायदे एकाच दिवशी, 1 सप्टेंबर 1872 ला, अमलात आले. तोवर स्टीफन विलायतेला परतलाही होता.

करार कायदा वाचायला सोपा आहे, हे कबूल केले पाहिजे. एकाने प्रस्ताव मांडला, दुसऱ्याने स्वीकारला की वचन झाले. वचनाच्या बदल्यात वचन किंवा मोबदला आला की ठराव झाला. जो ठराव कायद्याच्या बळाने अमलात आणता येतो तो करार. म्हणजे प्रत्येक करार हा ठराव असतो, प्रत्येक ठराव करार नसतो. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मानली पाहिजे. कागद लागतोच असे नाही. तोंडी करारही करारच, वागण्यातून दिसणाराही करारच. जामीन, गहाण-तारण, नुकसानभरपाईची हमी, मुखत्यारी यांचेही नियम घातले. पैजेचा ठराव शून्य ठरवला. अनेक कलमांखाली छोटी उदाहरणे दिली.

शून्य आणि शून्यकरणीय हा फरक आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. शून्य ठराव जन्मतःच मेलेला. त्याला कुणी मोडायला नको. बळजबरीने, फसवणुकीने किंवा दडपणाखाली घेतलेली संमती मात्र करार मारत नाही. तो जिवंतच राहतो, फक्त ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो मोडून घेता येतो. मोडायचा तर पुढे यायचे, सिद्ध करायचे. आणि सिद्ध करायला निघाला की शेजारच्या, त्याच दिवशी अमलात आलेल्या कायद्याची भिंत: अटी कागदावर उतरल्या असतील तर त्यांच्याविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. फसवणूक दाखवायची फट ठेवली होती. पण तीस रुपये घेतले आणि पन्नासचा रोखा लिहिला गेला, याला साक्षीदार कोण? रोख्यावर साक्ष घालणारे सावकाराच्याच ओट्यावर बसणारे.

करडे हे शिरूर तालुक्यातले गाव. तिथल्या कालूराम नावाच्या मारवाडी सावकाराने 1874 च्या अखेरीस बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि बजावणीत ताब्यात आलेले त्यांचे घर पाडायला घेतले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. पण देशमुखाचे घर पाडणे ही गावात फक्त बजावणी नसते. गावाने कोर्टात अपील केले नाही, बलुते बंद केले. न्हाव्याने दाढी करायची नाही, कुणी पाणी भरायचे नाही, त्याच्या शेतात कुणी औत धरायचे नाही, दुकानात पाऊल टाकायचे नाही. कालूराम शेवटी गाव सोडून गेला. वर्षभर राबायचे आणि सुगीला खळ्यावरून वाटा उचलायचा, ही बलुत्याची रीत कुठल्याच रोख्यावर नव्हती. ती दर्जाची गोष्ट होती, मेनच्या हिशेबात मागे पडत चाललेली. कोर्टाचा हुकूमनामा तिच्यापुढे गावच्या वेशीत अडला.

बहिष्काराचे लोण पसरले. काही ठिकाणी गावकऱ्यांनी समापत्र म्हणून चक्क लेखी ठराव केले: सावकारांची जमीन करणार नाही, चाकरी करणार नाही, जो करील त्याला गाव विचारणार नाही. मला या कागदांचे फार कौतुक वाटते. ज्या हत्याराने मारले तेच हत्यार गावाने हातात घेतले. आणि या कागदावरची राजीखुशी सावकाराच्या कारकुनाने घातलेली नव्हती.

12 मे 1875, बुधवार. सुपे हे भीमथडीतले बाजाराचे मोठे गाव, गुजर सावकारांच्या दुकानांचे. आसपासच्या गावांतले लोक जमले आणि सावकारांच्या दारांत जाऊन त्यांनी वह्या आणि रोखे मागितले. मिळाले ते जाळले. धान्याची दुकाने लुटली, काही घरे पेटली. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून अधिक गावांत हेच झाले, आणि बहुतेक ठिकाणी रीत एकच: कागद द्या. मुकाट्याने दिला तर लोक परत जात. माणसांवर हात टाकल्याचे प्रकार थोडे, याचे चौकशीला आलेल्या साहेबांनाही नवल वाटले. 1857 ला अठराच वर्षे झाली होती, त्यामुळे फौज आणि पोलीस तातडीने आले. 951 माणसे धरली गेली. पुष्कळांना शिक्षा झाल्या.

वकिली डोक्याला इथे प्रश्न पडतो: रोखा जाळून कर्ज जळते का? नाही. करार कागदात नसतो, कागद त्याचा पुरावा असतो. मूळ कागद नष्ट झाला तर दुसरा पुरावा देण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यातच होती. लोकांना हे कलम ठाऊक नव्हते, पण कोर्ट त्यांनी जवळून पाहिले होते. तिथे कागदाशिवाय काही चालत नाही, हे ते वीस वर्षांत शिकले होते. त्या धड्यावरून त्यांनी उत्तर काढले.

मुंबई सरकार आधी हे प्रकरण जुजबी मानायला तयार होते. वरून दट्ट्या आला, कमिशन नेमले गेले, आणि 1878 मध्ये अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. सरकारने त्यातून सावकाराचा दोष आणि कोर्टांचा दोष उचलला. साऱ्याचा विषय मात्र हलक्या हाताने बाजूला ठेवला. दरम्यान 1876-78 चा दुष्काळ पडला. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूर-खेड भागात बंड केले. त्याच वर्षी दख्खन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट झाला. तो लागू झाला पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांना.

या कायद्याने न्यायाधीशाला सांगितले की कागदावर थांबू नका. कूळ काही बोलो वा न बोलो, व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब उकरा: पहिल्यांदा हातात किती पडले, व्याज किती, भरणा किती. मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडा, व्याजाचे मुद्दल करू नका. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करायची नाही. खास गहाण दिली नसेल तर त्याची जमीन जप्त करायची नाही. सावकाराने पावती दिलीच पाहिजे, मागितल्यास वर्षाचा हिशेब दिला पाहिजे. मुदत तीनाची सहा वर्षे झाली, म्हणजे नवा रोखा करायची घाई सरली. आणि गावनिबंधक आला. शेतकऱ्याचा दस्त त्याच्यासमोरच व्हायचा. मोबदला काय, किती, आपल्या डोळ्यांदेखत दिला की नाही, हे त्याने दस्तावर लिहायचे. जुना रोखा बदलून नवा होत असेल तर जुना त्याच्यासमोर ठेवायचा. पेटीतल्या त्या न फाडलेल्या रोख्यांची आठवण मसुदा लिहिणाऱ्याला होती, हे नक्की.

कराराच्या स्वातंत्र्यावर घाला, अशी ओरड झाली. महादेव गोविंद रानड्यांनी पुढे याच कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम केले. कायदा चालला, आणि सावकारही चालत राहिला. गहाणावर कोर्टाची नजर आली तेव्हा त्याने गहाण घेणे सोडले आणि थेट खरेदीखत घ्यायला सुरुवात केली. आत गहाण, वर खरेदी; पैसे फेडले की जमीन परत देऊ, हे तोंडी. दोन गाड्यांच्या कागदाचीच ही थोरली बहीण. मग खरेदीखताच्याही आत डोकावायची मुभा कोर्टांना द्यावी लागली.

वीस वर्षांनी ही धग मूळ करार कायद्यापर्यंत पोचली. 1899 मध्ये दडपणाचे 16 वे कलम नव्याने लिहिले गेले. एक माणूस दुसऱ्याच्या इच्छेवर स्वार होण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार उघडउघड जाचक दिसत असेल, तर दडपण नव्हते हे त्या वरचढ माणसाने सिद्ध करायचे. ओझे कुळाच्या पाठीवरून सावकाराच्या पाठीवर. कलमाखालच्या तिसऱ्या उदाहरणात ‘अ’ हा ‘ब’चा आधीपासूनचा देणेकरी आहे, आणि ‘ब’ हा त्याच्या गावचा सावकार. ‘अ’ जाचक वाटणाऱ्या अटींवर नवे कर्ज घेतो. सुपे, करडे, इंदापूर, कुणाचेच नाव तिथे नाही. उदाहरण आजही त्याच जागी आहे.

त्याच्या लगेच खाली चौथे आहे. बाजारात पैशाची टंचाई असताना ‘अ’ बँकेकडे कर्ज मागायला जातो. बँकवाला नेहमीपेक्षा फार चढे व्याज लावल्याशिवाय द्यायला तयार नाही. ‘अ’ कबूल होतो. हा धंद्यातला रोजचा व्यवहार, दडपण नव्हे, असे कायदा म्हणतो. दोन्हीकडे अडलेला ‘अ’च आहे. या दोन उदाहरणांतला फरक सांगा, असा प्रश्न कायद्याच्या परीक्षेत विचारण्यासारखा आहे.